आंबट देठांचा मोसम

हॉटेलात गेल्यावर तिथला पदार्थांचा तक्ता वाचणे हा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या निर्भेळ आनंदांपैकी एक आहे. जेवण नंतर येते, बिल त्याच्याही नंतर येते. पण तक्ता वाचताना माणूस घटकाभर राजा असतो. पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या हॉटेलातला तक्ता मला तोंडपाठ आहे. आषाढ असो की माघ, त्यातले अक्षर बदलत नाही; बदलतात ते फक्त आकडे. त्यामुळे यॉर्कशरमधल्या एका लहानशा हॉटेलात मुलीने आम्हां दोघांना जेवायला नेले आणि तक्ता म्हणून एक साधा कागद हाती आला, तेव्हा मी गोंधळलो. कागदाच्या माथ्यावर त्या दिवसाची तारीख होती आणि खाली अवघे आठ-नऊ पदार्थ.

"उद्या यातले दोन-तीन नसतील, बाबा," मुलगी म्हणाली. "इथं शेतात जे असतं तेच ताटात येतं."

सौ.ने खिडकीबाहेर पाहिले. फेब्रुवारी महिना. झाडांवर पान नाही, जमीन गोठलेली, संध्याकाळी पाचलाच काळोख. "शेतात आहे तरी काय?" ती हळूच मला म्हणाली. तिच्या पर्समध्ये मेतकुटाची पुडी होती, हे मला ठाऊक होते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी माझे लक्ष जेवणात नव्हतेच. मुलगी दोन वर्षांच्या शिक्षणासाठी म्हणून इकडे आली, त्याला अकरा वर्षे झाली होती. पुण्यातली तिची खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे. "परत कधी येणार, हे एकदा स्पष्ट विचारा. माझ्यानं विचारवणार नाही," अशी सौ.ची मला निघतानाच ताकीद होती. तीन आठवडे मी मुहूर्त शोधत होतो. आज सूप झाले की विचारायचे, असे मी ठरवले होते.

सूप आले. ते होते लीकचे आणि बटाट्याचे. लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा पैलवान भाऊ. मागून पार्सनिप आले, तेव्हा सौ. म्हणाली, "अगंबाई, गाजराला पंडुरोग झालाय!" पण भाजलेला तो पांढरा कंद जिभेवर ठेवला, तर रताळ्यासारखा गोड. मुलगी सांगू लागली, "कडक थंडी पडली की त्यातल्या पिष्टाची साखर होते. म्हणून इथले लोक हिमाची वाट पाहतात." मग तिने अख्खे वर्षच आमच्यापुढे वाढले. शतावरीचे कोवळे कोंब २३ एप्रिलला, संत जॉर्जच्या दिवशी सुरू होतात, ते २१ जूनच्या सुमारास बंद. ग्राऊस नावाच्या रानपक्ष्याची शिकार १२ ऑगस्टपासून. आणि ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात 'आर' हे अक्षर नाही, त्या महिन्यात कालवे खायची नाहीत, असा जुना नियम.

सौ.ने बोटांवर मोजले. "मे, जून, जुलै, ऑगस्ट. म्हणजे यांचाही चातुर्मास आहे म्हणा की!" तिचा चेहरा प्रथमच खुलला. ज्या लोकांना चातुर्मास आहे ते लोक अगदीच परके नव्हेत, असा काहीसा भाव त्यावर होता.

मध्यंतरी हे लोक आपले पंचांग बरेचसे विसरले होते. महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग आले, ते पुरते उठायला जुलै १९५४ उजाडला. चौदा वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला बारा महिने सगळे मिळण्याची हौस वाटली, तर त्याला कोण हसणार? मग परदेशची भाजी आली, डबे आले, मोठमोठी दुकाने आली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस काही हॉटेलवाल्यांना आजीच्या रांधपाची आठवण झाली. लंडनला स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ 'सेंट जॉन' १९९४ साली निघाले, ते त्यांतले नामांकित. आम्ही बसलो होतो ते हॉटेल त्याच वाटेने चाललेले.

सूप संपले, पार्सनिप संपले. माझा प्रश्न घशातच होता. इतक्यात वाढणाऱ्या मुलाने काही विचारले आणि आमची मुलगी आनंदाने जवळजवळ ओरडलीच, "आई, रुबार्ब आलाय!"

मी चमकलो. हा स्वर माझ्या ओळखीचा होता. एप्रिलमध्ये देवगडची पहिली पेटी दाराशी आली की, "आंबा आलाय!" असे मी याच स्वरात ओरडत असे, आणि ही पोर परकर सावरत धावत येई.

रुबार्ब म्हणजे गुलाबी रंगाचे देठ. चवीला अंबाडीसारखे आंबट. वैद्याकडची रेवाचिनी याच कुळातली, हे मी सांगताच सौ.ने चमचा खाली ठेवला. मुलीने हसून तो पुन्हा तिच्या हातात दिला. वेकफील्डच्या आसपासचा नऊ चौरस मैलांचा मुलूख या देठांसाठी प्रसिद्ध आहे. २०१० साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षणही दिले. रोप दोन वर्षे उघड्या शेतात वाढवायचे, त्याचा देठ तोडायचा नाही. थंडी चांगली खाऊ द्यायची, मग मुळासकट उचलून उबदार, काळोख्या कोठारात ठेवायचे. अंधारात उजेड शोधीत कोवळे देठ इतक्या वेगाने वाढतात की कळ्या फुटल्याचा आवाज कानांना ऐकू येतो. तोडणीही मेणबत्तीच्या उजेडात. जानेवारी ते मार्च, एवढाच मोसम.

"आणि नंतर त्या मुळांचं काय होतं गं?" सौ.ने विचारले.

"ती संपलेली असतात, आई. सगळं देठांना देऊन टाकतात ना. मग खतात जातात."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मीही पाहिले. मग ती म्हणाली, "खतात का होईना, कामाला येतात." आणि बशीतला खरपूस चुऱ्याखालचा तो आंबटगोड रुबार्ब तिने शांतपणे संपवला.

मी प्रश्न विचारला नाही. उत्तर मिळाल्यावर प्रश्न विचारणे हा शुद्ध आगाऊपणा. माणूस कुठला, हे त्याच्या कागदपत्रांवरून कळत असेलही. पण तो कशाच्या मोसमाची वाट पाहतो, यावरून अधिक खात्रीने कळते.

"विचारलं नाहीत ते बरं केलंत," रात्री अंथरुणावर पडताना सौ. म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून दोन जुड्या आणवल्या आणि गूळ घालून त्यांचा मेथांबा केला. मेतकुटाची पुडीही तेव्हाच फुटली. मुलीने दोन्ही भाताबरोबर बोटे चाटून खाल्ले.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख यांखेरीज सहसा काही नसते. यंदा जानेवारीच्या पानावर सौ.च्या अक्षरात एक शब्द दिसला : 'रुबार्ब'. त्या रविवारी फोन लावून तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "काय गं, आले का तुमचे देठ?"