कापूस निंगला की

अकोट-अंजनगाव पट्ट्यात पंचवीस वर्षं मी शूटिंगवाला म्हणून पोट भरतो. नोकरी नाही, दुकान नाही. कॅमेरा आणि उधारीची वही.

तुळशीचं लग्न लागलं की आमचे दिवस सुरू, आषाढात बंद. चातुर्मासात गणपती, दुर्गादेवी, गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. त्यावर किराणा निघतो, कॅमेऱ्याचा हप्ता नाही. दर मी सांगतो, पण ठरवते पऱ्हाटी. अर्धे पैसे आधी, अर्धे 'कापूस निंगला की'. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. लग्नं झालीच, पण लोकांनी व्हिडिओ गाळला. पंगत टाळता येत नाही, वाजंत्री टाळता येत नाही, शूटिंग टाळता येते. २०२० ला ऐन तिथींत टाळेबंदी. ते दोन उन्हाळे बायकोच्या शिलाई मशीनवर निघाले.

२०२१ च्या पावसाळ्यात एक पोरगा आला.

"काका, २००५ ची ताईच्या लग्नाची कॅशेट आहे काय? आमची उंदरानं कुरतडली. बाबाचा फोटो आहे घरी, पण मले बाबा चालतानी पाह्याचा आहे."

लग्न झालं तेव्हा हा सहा वर्षांचा. पुढं दीड वर्षात बापानं फवारणीचं औषध घेतलं होतं.

मास्टर कॅसेट माळ्यावर होती, बुरशी धरलेली. अकोल्यात एका मिस्त्रीकडे चालू व्हीसीआर सापडला. तीन तासांत बाप मिळून चार मिनिटं. नवरीच्या बापावर कॅमेरा थांबतोच कुठं? तो कडेनं धावतो, बुंदीचं टोपलं उचलतो, दुपट्ट्यानं तोंड पुसतो. एकदा हॅलोजनमुळं डोळ्यांवर हात धरून हसतो. पोरानं तेवढंच चारदा लावायला लावलं.

मग म्हणाला, "बाबाची बाकी किती हाय तुमच्याकडं?"

वही काढावी लागली नाही. दीड हजार.

"यंदाचा कापूस निंगला की देतो."

त्या साली भाव बरा होता. दिवाळीनंतर तो पंधराशे घेऊन आला. बायको आतून खुणा करत होती, नका घेऊ म्हणून. मी घेतले, त्याच्यादेखत वहीत त्याच्या बापाच्या नावावर रेघ मारली. पेन ड्राइव्हचे मात्र घेतले नाहीत.