उसना किल्ला, उसनं पाणी

जपानी बाग म्हटली की शेवाळ, दगडी दिवे आणि मुद्दाम वाकवलेला पाइन डोळ्यांसमोर येतो. बागा आखणं हाच माझा धंदा, तरी ओकायामाला निघाले तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं. कोराकुएनच्या फाटकातून आत शिरले आणि समोर लांबवर नुसती हिरवळ! मोकळी, उन्हातली. तिच्या कडेला चहाचे ताटवे आणि चक्क भाताची खाचरं. इकेदा त्सुनामासा या सरदाराच्या हुकमावरून त्सुदा नागातादाने 1687 साली हे काम हाती घेतलं आणि 1700 मध्ये बाग उभी राहिली. सरदाराच्या बागेत भातशेती कशाला, हा प्रश्न मला अख्खा दिवस पुरला.

पण माझी नजर खिळली ती पाण्यावर. ही बाग असाही नदीतल्या बेटावर आहे. बेटाची जमीन जवळजवळ सपाट, म्हणजे पाणी खेळवायचं तर उताराचा एकेक बोटाचा हिशोब. इथला ओहोळ वळणं घेत सगळ्या बागेतून फिरतो आणि वाटेत र्‍यूतेन नावाच्या विश्रामघरात शिरतो. भिंती नसलेलं दुमजली लाकडी घर, खालच्या मजल्यावर मधोमध पाट आणि त्यात मांडलेले सहा दगड. तिथे तासभर बसले. पाण्याचा आवाज नीट ऐकू येत होता, आणि एवढा आवाज काढायला किती उतार ठेवला असेल, ते मी मनातल्या मनात मोजत होते. सवय जात नाही.

युइशिन्झान ही टेकडी जेमतेम सहा मीटर उंच, तीही माणसांनी रचलेली आणि नंतरच्या पिढीतली. पण सपाट बागेत तेवढीही पुरते. वर चढलं की नदीपलीकडचा काळा ओकायामा किल्ला दिसतो. याला जपानी लोक ‘शाक्केई’ म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा. कुंपणाबाहेरचं जे दिसतं, तेही आपल्या बागेचंच धरायचं. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तो किल्ला जळाला. बागेचंही मोठं नुकसान झालं. त्याआधी 1934 चा पूर होताच. जुनी चित्रं आणि नकाशे पाहून बाग पुन्हा लावली. किल्ल्याचा मनोरा मात्र 1966 साली काँक्रीटमध्ये उभा राहिला. मधली एकवीस वर्षं या बागेने रिकाम्या आभाळाकडून काय उसनं घेतलं असेल?

कोराकुएनचाच कित्ता गिरवून पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान झालं. तिथे पूर्वी मी फक्त पूल आणि तळं बघायचे. हल्ली गेले की झाडांच्या शेंड्यांवरून पर्वती कुठून दिसेल, ती जागा शोधत फिरते.