उजव्या हाताची सक्ती

एखादी वस्तू ज्या कारणासाठी विशिष्ट आकाराची झाली, ते कारण नाहीसे झाले तरी आकार मागे राहतो. आमच्या कनेरगाव नाक्याचेच पाहा. निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सीमा या भागातून जात असे. १९४८ साली ते राज्य संपले. पुढे मराठवाडा व विदर्भ एकाच राज्यात आले. गावाच्या नावातील नाका मात्र अद्याप जागच्या जागी उभा आहे. नावाने कोणाची वाट अडत नाही. वस्तूच्या जुन्या आकाराने मात्र ती पुष्कळदा अडते.

आमचे एक स्नेही येथे लग्नकार्याची छायाचित्रे काढीत. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. नजर शाबूत, हौस शाबूत, डावा हात धडधाकट. पण कॅमेरा चालविता येईना, कारण शटरचे बटण उजवीकडे! एका लग्नात त्यांनी कॅमेरा उलटा धरून डाव्या हाताने बटण दाबून पाहिले, तेव्हा सारा मांडव हसला. ते हसणे आम्हांस बोचले, आणि हे बटण उजवीकडेच का, याचा आम्ही विचार करू लागलो.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात फिल्मचे रीळ डावीकडे असे व फिल्म उजवीकडच्या फिरकीवर गुंडाळली जाई. ती पुढे सरकविताना शटरही ताणले जाई. साहजिकच बटणही तेथेच शेजारी आले. ही एका यंत्राची सोय होती. तिला निसर्गाचा नियम मानण्याचे कारण नाही, कारण ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने १९३६ साली काढलेल्या कीने एक्झाक्टाचे बटण डाव्या हातासच होते.

डिजिटल कॅमेऱ्यात तर रीळ नाही, फिरकी नाही, हाताने ताणावयाचे शटर नाही. बटण म्हणजे विजेचा एक साधा संपर्क. तो कोठेही बसविता येईल. तथापि जुन्या आकाराचा मोह सुटत नाही. पॅनासॉनिकने २००८ साली जी-१ या कॅमेऱ्यातून आरसा काढून टाकला, पण आरशाच्या काळातला डोक्यावरचा उंचवटा कायम ठेवला.

कोणी म्हणेल, थोडक्या माणसांसाठी कारखानदाराने साचे का बदलावेत? आक्षेप क्षुल्लक नाही. नव्या साच्यास पैसा पडतो. परंतु कित्येक मोठ्या कॅमेऱ्यांस खालून जोडावयाची पकड मिळते आणि तिच्यावर उभ्या चित्रासाठी दुसरे बटण असतेच. म्हणजे दुसरे बटण देता येते. मात्र तेही उजव्याच हातासाठी! तसलेच एक डावीकडे द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आमचे स्नेही हल्ली मोबाइलवर चित्रे काढतात. त्याला कोणत्याही हाताचे बोट चालते. पण मांडवातल्या अंधुक उजेडात, दूरच्या वधूचा चेहरा टिपताना, कपाटातली आपली भिंगे त्यांना आठवतात. ती भिंगे आजही निर्दोष आहेत, आणि त्यांचा डोळाही. दोहोंच्या मध्ये आडवे आले आहे ते शंभर वर्षांपूर्वीच्या फिरकीच्या शेजारी बसविलेले एक बटण.