एकचाकी

‘युनिसायकल’ या इंग्रजी शब्दाची फोड तशी सोपी आहे. ‘युनि’ म्हणजे एक, हे लॅटिन. ‘सायकल’ म्हणजे चक्र, हे ग्रीक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बायसिकल’ रूढ झाली आणि तिच्याच धर्तीवर हा संकर घडला. निखळ ग्रीक ‘मोनोसायकल’ही तेव्हा इंग्रजीत वावरत होता, फ्रेंचांनी तो राखला, इंग्रजीने संकर पसंत केला. पुढे त्यावरून प्रवासाचे ‘युनिसायकलिंग’ झाले, आणि डोंगरवाटांवर एका चाकाने हिंडणाऱ्यांनी ‘माउंटन’चा म जोडून त्याचे ‘म्युनि’ केले. (आपल्या मुनींचा याच्याशी संबंध नाही, हे वर्गात सांगावे लागते.) संबंध आहे तो चाकाचा. ग्रीक ‘कुक्लोस’, संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ ही एकाच मुळाची रूपे. चक्राचे प्राकृतात चक्क झाले, त्याचे आपले चाक. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो.

इथवर आम्ही वर्गात न अडखळता आलो होतो. मग एका मुलीने विचारले, “मराठीत काय म्हणायचं?”

“एकचाकी,” आम्ही म्हणालो, आणि फळ्याकडे वळून उभे राहिलो.

खुटबावात आम्ही एकचाकी कधी पाहिली नव्हती. ती सर्कशीत असते, एवढेच ऐकून होतो. वडील गेले तेव्हा आम्ही सातवीत होतो. दहाव्याला आलेले एक वडीलधारे ओट्यावर बसून, आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “एका चाकावर गाडा चालत नसतो.” त्यांच्या मनात वाईट नव्हते, हितोपदेशातही रथाचा हाच दाखला आहे. आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊ लागली. वडिलांची सायकल तिला चालवता येत नसे. संध्याकाळी कॅरिअरवर घासाचा भारा बांधून ती सायकल हाताने ढकलीत घरी येई.

कॉलेजात ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले १६४ वे सूक्त वाचनात आले. सात जण जो रथ जुंपतात, त्याला तिथे ‘एकचक्र’ म्हटले आहे. आणि तो चालतो. त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून पुस्तक आम्ही सुट्टीत घरी नेले आणि आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, “मग तोल कोण सांभाळतं रे?”

तेव्हा आम्हांला सांगता आले नाही. एकचाकीचे पायडल साखळीविना थेट आसाला जोडलेले असते. पाय थांबले की चाक थांबते. उतारावरदेखील नुसते बसून राहता येत नाही. पुढे-मागे करीत अखंड पाय हलवीत राहणे, हाच तिचा तोल. हे आम्ही फार उशिरा वाचले.

वर्गातल्या मुलीने वहीत शब्द लिहून घेतला होता.

“सर, स्त्रीलिंगी का?”

“गाडी स्त्रीलिंगी, म्हणून,” आम्ही सांगितले.