दुखणे सांध्यात, मूळ रक्तात

आमवाताचे निदान झाले तेव्हा माझ्या दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे सुजून तांबूस झाले होते, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास चहाच्या कपाचा कान धरण्याइतकीही ताकद त्यांत नसे. परंतु डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद पुढ्यात ठेवून जो खुलासा केला तो सांध्यांविषयी नव्हताच. रक्तात स्वकीय प्रथिनांवरच उठलेली प्रतिपिंडे होती, आणि अशी प्रतिपिंडे पुष्कळदा पहिली कळ येण्यापूर्वी कित्येक वर्षे देहात मुक्काम ठोकून असतात, हे ऐकून मी सुन्न झाले.

ती घडविणारा बी पेशींचा वंश रोगजंतूंच्या बंदोबस्तासाठी अस्थिमज्जेत जन्मतो. स्वकीयांवर उलटणाऱ्या पेशींची तेथे छाननी होते, तरी काही निसटतात, आणि निसटलेल्या पेशी टी पेशींना चिथावतात व दाह भडकविणारी द्रव्येही सोडतात.

मेथोट्रेक्सेटने उतार पडेना, पुढे टीएनएफविरोधी इंजेक्शनेही निष्फळ ठरली, तेव्हा बी पेशींनाच नाहीसे करणाऱ्या रिटक्सिमॅबची मसलत निघाली. लिंफोमा या कर्करोगासाठी १९९७ साली अमेरिकेत मंजूर झालेले हे औषध आमवातावर योजण्याचे धाडस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जोनाथन एडवर्ड्स यांनी केले, आणि तेही बहुतेक जाणकार या रोगाचा सारा दोष टी पेशींच्या माथी मारीत असताना. २००४ साली त्यांची १६१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एका विचारावर इतके ठाम उभे राहणाऱ्या या माणसाविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आधी हिपॅटायटिस-बीची तपासणी, मग स्टेरॉइड, आणि त्यानंतर शिरेतून संथपणे एक ग्रॅम औषध. सिस्टर दर अर्ध्या तासाने रक्तदाब पाहून वेग वाढवीत. पंधरवड्याने पुन्हा तेवढेच. काही महिन्यांत बोटांची सूज ओसरली, पोळी लाटताना मनगट साथ देऊ लागले, बी पेशींची गणना जवळजवळ शून्यावर आली. प्रतिपिंडे मात्र घटली तरी नाहीशी झाली नाहीत. हे औषध सीडी-२० ही खूण चपराशाच्या बिल्ल्यासारखी अंगावर वागविणाऱ्या पेशींनाच गाठते, आणि प्रतिपिंडांचा कारखाना चालविणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशींनी तो बिल्ला केव्हाच उतरवून ठेवलेला असतो. प्रतिपिंडे शिल्लक असूनही दुखणे हटते, यावरून बी पेशींचा उपद्रव केवळ प्रतिपिंडांपुरता नसावा, असे डॉक्टरीणबाईंचे मत, आणि मलाही ते पटते.

पुढच्या खेपेपूर्वी निदान महिनाभर आधी फ्लूची लस घेण्याची त्यांची ताकीद मी कटाक्षाने पाळते, कारण बी पेशी नाहीशा झाल्यावर लस टोचूनही तिचा गुण नीटसा येत नाही.