वंशावळीबाहेरचे घर

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुखनई नदीच्या काठी मऊरानीपूर वसले आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांत एखादे ओस घर दिसते: छप्पर खाली आलेले, ओसरीत रान माजलेले, दाराची चौकट कुणीतरी केव्हाच काढून नेलेली. अशा घरातील माणसांचा माग काढू पाहणारा प्रथम कागदांकडे वळतो.

कागद पुष्कळ सांगतात. खसऱ्यात शेताचा क्रमांक मिळतो, खतौनीत कसणाऱ्याचे नाव. प्रयागच्या किंवा गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी माळ उलगडत जाते. परंतु त्या माळेत ओवलेली नावे बहुतेक पुरुषांचीच असतात. उत्तर प्रदेशाच्या 1950च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातही शेतजमिनीच्या वारसांत विवाहित मुलीचा क्रम मुलांच्या फार मागे होता. तिचे नाव खतौनीत यावे तरी कसे?

बुंदेलखंडातील मराठी घराण्यांचा शोध याहूनही बिकट. 1729 मध्ये पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीस धावला आणि पुढे त्या मुलखात मराठी अंमल रुजला. झाशीस नेवाळकर, मऊरानीपूरच्या उत्तरेस गुरसराय येथे खेर. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार आले. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची चालही त्यांच्याबरोबर आली. तांब्यांची मणिकर्णिका 1842 मध्ये झाशीच्या राजवाड्यात लक्ष्मीबाई झाली. ती राणी, म्हणून तिचे माहेरचे नाव इतिहासाने जपले. एखाद्या कारकुनाच्या पत्नीचे कोण जपणार? 1854 मध्ये झाशी खालसा झाली, दरबारावर पोसलेल्यांची उपजीविका सुटली आणि अशा कित्येक स्त्रिया नावाची खूणही मागे न ठेवता निघून गेल्या.

सगळीच घरे राज्य बुडाल्यामुळे ओस पडली असेही नाही. मऊचे लाल खारुआ कापड एके काळी दूरवर जाई. त्याचा रंग आलीच्या, म्हणजे आपल्याकडील बारतोंडीच्या जातीच्या झुडपाच्या मुळांतून निघे. काळ्या जमिनीत लावलेली आल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास खोल खणून काढावी लागे. बारीक मुळांना मोल अधिक. 1869 मध्ये जर्मनीत अॅलिझरीन कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि पुढे त्या स्वस्त रंगाने आलीचे पीक मोडले. त्यात वरचेवर पडणारा दुष्काळ. एकेक कुटुंब उठले.

त्यांच्या बायका कागदात नाहीत; पडक्या घरात मात्र त्यांची खूण उरते. चुलीमागची काळवंडलेली भिंत, दिव्याच्या तेलाने चिकट झालेला कोनाडा, मध्यभागी झिजलेला उंबरठा, फुटक्या जात्याची तळी. दगडावरची ती झीज पिढ्यान्‌पिढ्यांच्या पहाटांची आहे. पण ओस घराचे दगड फार काळ जागेवर राहत नाहीत. कुणाच्या गोठ्याच्या पायात, कुणाच्या बांधात ते जाऊन बसतात, आणि या स्त्रियांचे उरलेसुरले दफ्तरही त्यांच्याबरोबर जाते.

म्हणून घराण्याचा माग काढणाऱ्याने खतौनी मिटून शेजारच्या गावांची वाट धरावी. त्या घरातून दिलेल्या मुली तेथे आता आज्या, पणज्या झालेल्या असतात. माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या, आईला माहेरी काय म्हणत, हे त्यांना विचारावे. आणि त्या सांगतील ती नावे वंशावळीत, त्यांच्या जागी, लिहून ठेवावीत.