मंडळीचा नवा पत्ता

वेबसाइट करायची म्हणजे नेमकं काय विकत घ्यायचं, हेच मला सुरुवातीला कळेना. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत ठराव झाला, पाळकसाहेब म्हणाले, "बाई, स्मरणिका तुम्हीच काढलीत, हेही तुम्हीच बघा," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण स्मरणिकेचं काम वेगळं. मजकूर द्यायचा, प्रुफं तपासायची, छापखान्याचं बिल चुकतं करायचं, की पुस्तक हातात येतं. इथे डोमेन, होस्टिंग, सर्व्हर, थीम, प्लगइन असे शब्द एकामागून एक येऊन आदळत होते. त्यातलं फुकट काय, पैशाचं काय, एकदाच घ्यायचं काय आणि दरवर्षी भरायचं काय, याचा काही अंदाज येत नव्हता.

आमच्या तरुण संघातला एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. माझाच विद्यार्थी. सुट्टीला नगरला आला तेव्हा त्याला घरी बोलावलं, वही काढली आणि सांगितलं, की मला पहिलीच्या मुलाला सांगतात तसं सांग. डोमेन म्हणजे नाव, ते वर्षाच्या मुदतीवर मिळतं. होस्टिंग म्हणजे आपली पानं जिथे ठेवलेली असतात ती जागा, तिचं भाडं वेगळं. वर्डप्रेस म्हणजे पानं तयार करायचं साधन. ते २००३ पासून चालत आलंय आणि फुकट आहे. थीम म्हणजे पानाची मांडणी. एवढं मी लिहून घेतलं आणि जरा धीर आला. मग त्याने विचारलं, "बाई, डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं?"

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. मंडळीचं पूर्वी एक डोमेन होतं. एका उत्साही सभासदाने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो परदेशी गेला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि नाव सुटलं. पुढे ते दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. आज त्या पत्त्यावर गेलं तर ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडते. जुन्या नाताळच्या पत्रिकांवर तोच पत्ता छापलेला आहे, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मिशनच्या काळापासून चालत आलेल्या जमिनीच्या बाबतीत आमच्या कमिटीतले ज्येष्ठ फार जागरूक आहेत. त्यांना मी एवढंच म्हटलं, की डोमेन हा मंडळीचा सातबारा आहे, तो कोणा एकाच्या नावावर ठेवू नका. क्षणात पटलं. आता डोमेन मंडळीच्या नावावर आहे, ईमेल कार्यालयाचा आहे, पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे आहे, आणि नूतनीकरणाची तारीख मिनिट बुकात लिहिलेली आहे. देवनागरीतलं .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. ते घ्यावं असं मला मनापासून वाटत होतं, पण त्यावरचा ईमेल सगळीकडे चालेल याची खात्री देता येत नाही असं तो मुलगा म्हणाला. म्हणून मुख्य पत्ता रोमन अक्षरांतच ठेवला.

थीम बसवली तर पानावर कुठल्यातरी परदेशी चर्चचा फोटो, रंगीत दिवे आणि हात उंचावलेली गोरी माणसं. ते आधी काढलं. आमचं चर्च काळ्या दगडाचं, पुढे कडुनिंब, बाजूला घंटा. हाच फोटो लावला. फोनमधला फोटो तसाच चढवला तर खेड्यात पान उघडायला वेळ लागतो. आमचे निम्मे लोक आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे, म्हणून प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत आणला. पत्त्यात आता अहिल्यानगर लिहायचं, पण बाहेरगावचा माणूस अजून अहमदनगर म्हणूनच शोधतो, तेव्हा दोन्ही नावं ठेवली.

खरा गोंधळ सुरू झाला तो मजकुरापाशी. स्मरणिकेतला इतिहासाचा लेख छापखान्याकडून फाइल आणून पानावर चिकटवला. एकही मराठी अक्षर उमटलं नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, चौकोन यांचा नुसता खच. वर्षानुवर्षं आपण मराठीत टाइप करतोय असं समजत होतो, पण जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. क चा ०९१५, मग फोन कुठलाही असो. म्हणून युनिकोडमधलं मराठी शोधलं तर सापडतं. जुन्या फॉन्टमधलं सापडत नाही, कारण शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नसतंच.

बदलून देणारी साधनं आहेत. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं याच्या बरोबर उलट. जोडाक्षर आलं की साधन चुकतं आणि वेलांटी मधेच अडकते. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर ठिकठिकाणी "खि्रस्त" असं उमटलं होतं. प्रार्थना या शब्दातला रफारही भलतीकडे गेला होता. आमच्या स्मरणिकेत हे दोन शब्द नाहीत असं पानच नाही. मग सगळं छापून घेतलं आणि लाल पेन घेऊन बसले. हे काम मला येत होतं, आणि ते करताना पहिल्यांदा या वेबसाइटबद्दल आपलेपणा वाटला. सगळी पानं वाचून झाल्यावर एका आजोबांनी येशू या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा श आपला नाही." त्यांचं बरोबर होतं. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद आत केली, तशी सोय असलेला फॉन्ट निवडला, आणि ल आणि श मराठी वळणाचे झाले.

इतिहासाचं पान मी हौसेने लांबवलं होतं. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, नगरला काम सुरू झालं १८३१ मध्ये, ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली नगरहून निघालं, रेव्हरंड टिळकांनी भजन आणि अभंग आमच्या उपासनेत आणले, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. यातलं काहीच गाळावंसं वाटत नव्हतं. शिवाय कमिटीचे फोटो आणि पाळकसाहेबांचा संदेश पहिल्या पानावर हवा, असा सगळ्यांचा आग्रह.

त्याच सुमारास सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बदलून आलेली एक नर्स उपासनेला येऊ लागली होती. लातूरकडची मुलगी. तिला मी कच्चं पान दाखवलं. तिने फोन हातात घेतला, अंगठ्याने पान वर सरकवत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "मावशी, रविवारी किती वाजता यायचं ते कुठे आहे?" ते अगदी तळाशी होतं. मग मी तिलाच विचारलं, की पहिल्यांदा येताना तुला काय काय कळत नव्हतं. तिने सांगितलं ते तसंच उतरवून घेतलं. बायका कुठल्या बाजूला बसतात, डोक्यावर पदर किंवा ओढणी लागते का, चपला बाहेर काढायच्या का, दुसऱ्या मंडळीच्या माणसाने प्रभुभोजन घेतलं तर चालतं का, गायनाचं पुस्तक तिथे मिळतं का, उपासना किती वेळ चालते, कारण तिची ड्युटी दोनला सुरू होते. हे प्रश्न आमच्यापैकी कोणालाच कधी पडले नव्हते. आम्ही या चर्चमध्ये जन्मलो, आमचं सगळं मंडळीला आधीच माहीत. वेबसाइट तर आमच्यासाठी नव्हतीच! ती दाराबाहेर उभं राहून आत यावं की नाही असा विचार करणाऱ्यासाठी होती.

हे कळल्यावर पहिलं पान बदललं. उपासनेची वेळ, बस स्टँडवरून कसं यायचं, कार्यालयाचा फोन आणि नव्याने येणाऱ्यांसाठी या नर्सच्या प्रश्नांची उत्तरं. कमिटीचे फोटो आतल्या पानावर गेले. थोडी नाराजी झाली, ती मी सोसली.

पण बाहेरच्यासाठी पान करायचं म्हटल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात अवघड. रविवारी वाचल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये प्रार्थनेचे विषय असतात. अमुक भावांची बायपास, अमुक बहिणीच्या मुलीला स्थळ मिळावं, अमुक घरातला तंटा मिटावा. हे दर आठवड्याला वेबसाइटवर आपोआप चढेल अशी सोय करता येते, असं तो मुलगा उत्साहाने म्हणाला. महिला मंडळातल्या एका बाईंचं म्हणणं, "जितके जास्त लोक प्रार्थना करतील तितकं चांगलंच की." त्यांची श्रद्धा मला माहीत आहे. पण चार भिंतींत नाव घेतलं जातं तेव्हा ऐकणारे सगळे त्या माणसाला ओळखतात, संध्याकाळी डबा घेऊन जातात. वेबसाइटवर तेच नाव स्थळ पाहणाऱ्याला दिसतं, नोकरी देणाऱ्याला दिसतं, आणि कित्येक वर्षांनंतरही दिसतं. शिवाय आमच्याकडे असेही काही जण येतात, ज्यांच्या घरी ते इथे येतात हे माहीत नाही. त्यांचा नाताळच्या गर्दीतला एक फोटोही त्यांना महागात पडू शकतो. म्हणून प्रार्थनेचे विषय वेबसाइटवर नाहीत. एक फॉर्म आहे, तो थेट पाळकसाहेबांकडे जातो. रविवार शाळेच्या मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय लावायचे नाहीत असंही ठरलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

मग जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरचा विषय निघाला. कापडी पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर, शाई तपकिरी झालेली, कडा कुरतडलेल्या. तारीख, नाव, बापाचं नाव, गाव, वय, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. काही नोंदींपुढे पूर्वीची जातही लिहिलेली. हे स्कॅन करून जगापुढे ठेवावं अशी अनेकांची इच्छा, माझीही. ज्यांच्याबद्दल दुसरीकडे एक ओळही लिहिलेली नाही, अशी माणसं तिथे नावानिशी आहेत. वाचताना हात थरथरतो. पण पान उलटता उलटता आडनावं ओळखीची होत गेली. या माणसांची पणतवंडं आज जिल्ह्यात आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. आमच्याकडे एकाच कुळातले एक भाऊ ख्रिस्ती, दुसरे बौद्ध अशीही घरं आहेत. पणजोबांच्या नावापुढची एक ओळ आज कोणाच्या दाखल्याचा, नोकरीचा प्रश्न होऊ शकते. ती ओळ इंटरनेटवर टाकायचा अधिकार आमचा नाही, असं मी कमिटीत स्पष्ट सांगितलं. स्कॅन केलं आहे, ते कार्यालयात ठेवलं आहे. वेबसाइटवर फक्त एवढंच लिहिलं, की कुटुंबातल्या व्यक्तीने लेखी विचारणा केली तर नोंद शोधून कळवली जाईल.

दानाच्या बाबतीतही घाई केली नाही. क्यूआर कोड लावला की काम झालं असं वाटतं, पण परदेशी पैसा घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमची ती नोंदणी नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत काम करणाऱ्या मुलाने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी धरत नाहीत. त्याच्याच अमेरिकन नागरिक झालेल्या बहिणीचे मात्र धरतात. दोघंही एकाच आईवडिलांच्या नावाने उपकारस्तुतीला पाकीट देऊ पाहतात. हे दानाच्या बटणाच्या शेजारी दोन ओळींत मावणारं नाही. म्हणून बटणच ठेवलं नाही, खजिनदारांचा कार्यालयीन ईमेल दिला.

गीतांसाठी हक्क तपासले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची पदं आपण मोकळेपणाने देऊ शकतो. हयात गीतकारांना पत्रं गेली आहेत. शास्त्रपाठासाठी आज वापरात असलेल्या भाषांतराची परवानगी लागते. पंडिता रमाबाईंचं १९२४ मध्ये छापून झालेलं भाषांतर मात्र सगळ्यांचं आहे, आणि त्याची साधी, घरगुती मराठी तरुणांनी वाचावी असं मला फार वाटतं. ते पान अजून व्हायचं आहे.

परवा फॉर्ममधून विदर्भातल्या एका बाईंची विचारणा आली. पणजीचा बाप्तिस्मा आमच्या मंडळीत झाल्याचं घरात ऐकलं आहे, नाव एवढंच ठाऊक, वर्ष नाही. पाळकसाहेब आणि मी रजिस्टर घेऊन बसलो. त्या नावाच्या तीन नोंदी निघाल्या, गावं वेगवेगळी. त्यांना पणजीचं माहेर विचारलं आहे. उत्तर आलं की नोंदीची नक्कल पोस्टाने पाठवायची, ईमेलने नाही, असं ठरलं आहे.